वाचणे आणि वांचणे : सार्वजनिक ग्रंथालय व स्वतःची निगा

१

महाराष्ट्रातील तालुक्यांच्या व खेड्यांच्या वाचनालयांत भिंतीवर जी बोधवाक्ये रंगविलेली आढळतात, त्यांत 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य सर्वांत परिचित म्हणावे लागेल. वाचनाचा संबंध ज्ञानाशी, करमणुकीशी किंवा संस्काराशी जोडणारी वाक्ये पुष्कळ आहेत. परंतु हे वाक्य तो संबंध थेट जगण्याशी, तगून राहण्याशी जोडते. अलीकडे 'स्वतःची काळजी घेणे' ह्या शीर्षाखाली व्यायाम, निद्रा, आहार ह्यांच्या जोडीला सार्वजनिक ग्रंथालयाचा उपयोगही सुचविला जातो. मनाचा शीण घालविण्यासाठी ग्रंथालयात जावे, तेथे शांत बसावे, पुस्तक घरी न्यावे, असा हा उपदेश असतो. विचार नवा वाटला तरी मराठी वाचकास तो सर्वस्वी नवा नाही. वरील बोधवाक्यात तो बीजरूपाने आलेलाच आहे. म्हणून त्या उपदेशाची चिकित्सा करताना ह्या लहानशा वाक्याच्या व्याकरणापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

वाक्यातील श्लेष दोन भिन्न धातूंवर उभा आहे. 'वाचणे' म्हणजे पठन करणे, हे क्रियापद संस्कृत 'वच्' ह्या धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेले आहे. त्याचा मूळ अर्थ 'बोलावयास लावणे' असा होतो. 'वाचणे' म्हणजे निभावणे, जिवंत राहणे, हे क्रियापद 'वञ्च्' ह्या धातूशी संबद्ध आहे. चुकविणे, हुलकावणी देऊन निसटणे ही त्याची मूळ छटा होय. जुन्या लेखनपद्धतीत दुसरे क्रियापद 'वांचणें' असे सानुस्वार लिहिले जाई आणि मोल्सवर्थच्या कोशातही ही दोन्ही रूपे वेगळी नोंदलेली आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. त्यांनुसार अनुच्चारित अनुस्वार गळाला, आणि उच्चारात पूर्वीच एकरूप झालेले हे दोन शब्द कागदावरही एकरूप झाले. भिंतीवरील ह्या वाक्याला आज जी डौलदार समरूपता दिसते, ती अशा रीतीने काही अंशी शुद्धलेखनाच्या नियमांची देणगी आहे.

शब्द एक झाले तरी त्यांचे व्याकरण एक झालेले नाही. पठनाचे 'वाचणे' सकर्मक आहे : 'त्याने पुस्तक वाचले.' निभावण्याचे 'वाचणे' अकर्मक आहे : 'तो पुरातून वाचला.' पहिल्या क्रियेला कर्म लागते, दुसऱ्या क्रियेला अपादान लागते. कशापासून वाचला, कशातून वाचला, हे सांगितल्यावाचून तिचा अर्थ पुरा होत नाही. 'वाचाल तर वाचाल' ह्या वाक्यात ही दोन्ही पदे गाळलेली आहेत. काय वाचाल, हे तेथे नाही; कशापासून वाचाल, हेही नाही. तिसरे गाळलेले पद कर्त्याचे. 'वाचाल' हे द्वितीय पुरुषी अनेकवचनी रूप आहे. ते आदरार्थी एकास उद्देशून आहे की खरोखरीच अनेकांस, हे वाक्यावरून ठरत नाही. ग्रंथालय ही स्वतःची निगा राखण्याची जागा होय, ह्या मताचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही ह्या तीन गाळलेल्या पदांत साठविलेली आहेत. प्रस्तुत विवेचनात आष्टी (जि. बीड) ह्या तालुक्याच्या परिस्थितीच्या आधाराने ही तीन पदे क्रमाने भरून पाहावयाची आहेत.

२

प्रथम 'काय वाचाल' हा प्रश्न. वाचनाने मनुष्याचे कल्याण होते, पीडा दूर होते, ही श्रद्धा आष्टीच्या परिसरास ग्रंथालयांनी शिकविलेली नाही. तालुक्यातील सावरगाव येथील मायंबा हे स्थान मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान मानले जाते. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांचे स्थान आहे. नाथपंथाच्या ह्या पट्ट्यात मालू कवीच्या 'नवनाथ भक्तिसार' ह्या ग्रंथाचे पारायण घरोघर होत आले आहे. शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली पूर्ण झालेल्या ह्या चाळीस अध्यायांच्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात प्रत्येक अध्यायाच्या पठनाचे फळ स्वतंत्रपणे सांगितलेले आहे. अमुक अध्यायाने अमुक पीडा निवारण होईल, अशी ती मांडणी आहे. फलश्रुती हा पोथीवाङ्मयाचा सामान्य विशेष खरा. परंतु येथे तिला एखाद्या औषधींच्या यादीचे रूप आलेले दिसते. एका बाजूस व्याधी, दुसऱ्या बाजूस अध्याय.

ग्रंथवाचनाला उपचार मानण्याची ही दृष्टी केवळ मराठी मुलखापुरती नाही. ईजिप्तमधील थीब्ज येथे रामेसीस राजाच्या ग्रंथालयावर ते आत्म्याच्या आरोग्याचे स्थान असल्याचा लेख होता, असे डायोडोरस ह्या ग्रीक इतिहासकाराने नमूद केले आहे. आधुनिक काळात सॅम्युअल मॅक्‌कॉर्ड क्रॉदर्स ह्या अमेरिकन निबंधकाराने १९१६ साली ह्या कल्पनेस 'बिब्लिओथेरपी' हे नाव दिले. मराठीत त्यास 'ग्रंथोपचार' म्हणता येईल. क्रॉदर्सच्या निबंधाचा सूर बराचसा विनोदी होता हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. पुस्तकांचा डॉक्टर रोग्यास कादंबरीची मात्रा लिहून देत आहे, हे चित्र त्याने हसतहसत रंगविले होते. पुढे ते गंभीरपणे घेतले गेले.

पारायण आणि ग्रंथालय ह्यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो लक्षात न घेतल्यास ग्रंथालयाच्या उपयोगाचे समर्थन नव्या फलश्रुतीच्या पातळीवर उतरते. पारायणात कर्म निश्चित असते. ग्रंथ ठरलेला, अध्याय ठरलेला, फळही ठरलेले. ग्रंथालयात कर्म अनिश्चित असते, आणि ही अनिश्चितता हाच त्याचा गुण होय. कपाटासमोर उभ्या असलेल्या मनुष्याला आपल्यास काय हवे हे ठाऊक नसते; ते पुस्तक हाती आल्यावर उमगते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील दुसरे व तिसरे सूत्र ह्याच संबंधाविषयी आहे. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा. कोणत्या ग्रंथाने कोणता लाभ व्हावा, हे त्यांनी सांगितले नाही; सांगण्याचे कारणही नव्हते. ग्रंथालय लाभ वाटत नाही, ते भेटीची सोय करून देते. 'तणाव कमी होण्यासाठी वाचा' असे सांगणारा मनुष्य पुस्तकाचे फळ आधी ठरवितो. नकळत तो ग्रंथालयाला पोथीच्या चाळीसाव्या अध्यायासारखे वागवितो. फरक इतकाच की, पोथीवर श्रद्धा ठेवणाऱ्यास आपण श्रद्धा ठेवीत आहोत हे ठाऊक असते.

पारायणाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. 'वाचणे' ह्या क्रियापदात जो 'बोलावयास लावण्या'चा अर्थ दडलेला आहे, तो पोथीवाचनात अद्याप जिवंत आहे. पोथी मोठ्याने वाचली जाते, वाचणारा एक व ऐकणारे अनेक असतात, आणि निरक्षर श्रोताही त्या वाचनाचा भागीदार असतो. ग्रंथालयाने वाचन मुके केले. 'शांतता राखा' ही पाटी त्या मुकेपणाची घोषणा होय. ह्या मुकेपणाने काही मिळाले आणि काही गेले. मिळाले ते एकांत. खेड्यातील घरात, जेथे एका खोलीत तीन पिढ्या नांदतात, तेथे एकांत ही सहज लाभणारी वस्तू नव्हे. ग्रंथालयातील शांतता ही अनेकांनी मिळून एकमेकांस दिलेली असते. घरात दार लावून मिळणाऱ्या शांततेहून ती वेगळ्या जातीची आहे. गेले ते निरक्षराचे स्थान.

३

आता दुसरे गाळलेले पद : 'कशापासून वाचाल ?' येथे मराठीतील काही शब्दांचा विचार उपयुक्त आहे. 'काळजी' हा शब्द मराठीत चिंता आणि जोपासना ह्या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि त्या अर्थांतील भेद केवळ सहायक क्रियापदाने दाखविला जातो. 'काळजी करणे' म्हणजे चिंतेने पोखरले जाणे. 'काळजी घेणे' म्हणजे सांभाळणे. 'निगा' हा फारसी 'निगाह' शब्दाचा मराठी अवतार आहे. त्याचा मूळ अर्थ 'नजर'. रोपाची, गुराची, तान्ह्या मुलाची, आजाऱ्याची निगा राखली जाते, म्हणजे त्यांच्यावर कोणाची तरी नजर असते. ह्या शब्दाच्या पोटात दोघेजण आहेत : एक पाहणारा, एक पाहिला जाणारा. 'स्वतःची निगा' ह्या प्रयोगात ते दोघे एकच होतात. प्रयोग अशुद्ध नाही, परंतु त्यात शब्दाच्या मूळ स्वभावाला मुरड घातलेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

ग्रंथालयात मनुष्य कोणत्या गरजेने जातो, हे सांगणारा मराठीचा खास शब्द निराळाच आहे, आणि तो म्हणजे 'करमणे'. 'क्रम्' ह्या धातूशी तो संबद्ध मानला जातो. 'मला करमत नाही' ह्या वाक्यातील 'मला' चतुर्थीत आहे; करमणे ही क्रिया मनुष्य करीत नाही, ती त्याच्या ठायी घडते किंवा घडत नाही. ह. ना. आपटे यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकास 'करमणूक' हे नाव दिले, तेव्हा ह्या शब्दास आजच्याइतका हलका अर्थ चिकटलेला नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीची नावे ज्ञानाभोवती फिरत होती. अमेरिकन मिशनऱ्यांनी नगर येथे १८४२ साली सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव 'ज्ञानोदय' होते. ज्ञान, मग करमणूक, आणि आता निगा, असा हा वाचनाच्या प्रयोजनाचा शब्दप्रवास आहे. पहिल्या शब्दात वाचक विद्यार्थी आहे, दुसऱ्यात तो पाहुणा आहे, तिसऱ्यात तो रुग्ण होऊ पाहतो.

संस्थांच्या नावांतही असाच प्रवास दिसतो. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' हे एकोणिसाव्या शतकातील नाव; पुढे 'ग्रंथसंग्रहालय', ज्यात वस्तूवर भर आहे; 'वाचनालय', ज्यात क्रियेवर भर आहे; आणि आज तालुक्याच्या गावी सर्वत्र आढळणारी 'अभ्यासिका', ज्यात उद्दिष्टावर भर आहे. अभ्यासिकेत बसणारा तरुण स्पर्धापरीक्षेची स्वतःची पुस्तके स्वतः आणतो. त्याला खुर्ची, टेबल, दिवा आणि शांतता हवी असते. कपाटातील ग्रंथ त्याच्या दृष्टीने भिंतीचा भाग असतात. तो तेथे चिंतेपासून सुटण्यासाठी येत नाही. भरतीची जाहिरात, परीक्षेची तारीख, वयाची मर्यादा ह्या चिंता तो सोबत घेऊन येतो व सोबत घेऊन जातो. 'काळजी घेणे' आणि 'काळजी करणे' ही दोन्ही एकाच खुर्चीवर घडतात. तथापि अभ्यासिकेची अवहेलना करणे न्यायाचे होणार नाही. त्याच्यासारख्याच दहाजणांच्या शेजारी बसून चिंता करणे हे घरी एकट्याने चिंता करण्यापेक्षा निश्चित सुसह्य असते. ग्रंथालय त्याला चिंतेपासून वाचवीत नाही. चिंतेतील एकटेपणापासून काही तास वाचविते. अपादानाचे पद असे नेमकेपणाने भरले, म्हणजे दावा लहान होतो पण खरा होतो.

४

तिसरे पद कर्त्याचे : 'कोण वाचेल ?' येथे स्वतःच्या निगेच्या कल्पनेची खरी कसोटी लागते.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजूर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळपहंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आष्टी तालुकाही ह्या स्थलांतराच्या प्रदेशात मोडतो. मुकादमाकडून उचल घेतलेले पतिपत्नी मिळून एक 'कोयता' होतो. माणसांच्या जोडीस अवजाराचे नाव मिळावे, ही गोष्ट भाषाभ्यासकानेही थांबून पाहावी अशी आहे. ह्या कोयत्यातील स्त्रीच्या शरीराची निगा हा प्रश्न, जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या संदर्भात, २०१९ साली इतका गंभीर झाला की शासनास चौकशीसाठी समिती नेमावी लागली. आजारपणाचा खाडा म्हणजे मजुरीची वजावट, अशा व्यवस्थेत राहणाऱ्या स्त्रीस 'स्वतःची काळजी घ्या' असे सांगणे हे वाक्य म्हणून निर्दोष आहे. परंतु ते ज्या कर्त्यास उद्देशून आहे, तो कर्ता त्या वाक्यात उभा राहू शकत नाही. तिला सवड नाही, पत्ता स्थिर नाही, आणि वर्गणीदाराच्या नोंदवहीत ज्या महिन्यांत पुस्तके घरी न्यावयाची, त्या महिन्यांत ती उसाच्या फडात असते.

ह्या ठिकाणी ग्रंथालयाच्या व्यवस्थेकडे वळणे भाग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास राज्याने १९४८ सालीच ग्रंथालयाचा कायदा करून ग्रंथालयकराची तरतूद केली होती. महाराष्ट्राने कर न लावता लोकांनी चालविलेल्या वाचनालयांस मान्यता व वर्गवार अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. अ, ब, क, ड हे वर्ग व त्यांनुसार अनुदान, ही पद्धती त्यातून आली. ह्या पद्धतीचा गुण असा की, गावोगावच्या हौशी कार्यकर्त्यांना आधार मिळाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात गेली. तिचा दोष असा की, जेथे संस्था काढणारे कार्यकर्ते आणि वर्गणी देणारे वाचक आधीपासून आहेत, तेथेच ग्रंथालय सुस्थितीत राहते. अनुदानात २०२२ साली ६० टक्के वाढ झाली. परंतु वाढीने दर बदलतो, रचना बदलत नाही. ज्याला ग्रंथालयाची गरज सर्वांत अधिक, तो ग्रंथालय मागणारा नसतो.

दुसरा मार्ग मराठी माणसास अपरिचित नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे विणले. त्याचे एक अंग फिरत्या ग्रंथालयाचे होते : पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव पाठविल्या जात. वाचक ग्रंथालयापाशी येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापाशी जावे, हे त्यामागील तत्त्व होते. पेटी खेड्यापर्यंत जाऊ शकत असेल, तर ती कारखान्याच्या आवारातील कोप्यांपर्यंतही जाऊ शकते. बडोद्याची योजना ही निगा शब्दाच्या मूळ अर्थाशी जुळणारी होती. तीत नजर ठेवणारा कोणी तरी होता. आपली निगा आपणच राखावी, असे तिने प्रजेस सांगितले नाही.

आष्टीच्या इतिहासातही अनेकवचनी कर्त्याचा पुरावा आहे. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पश्चिमेस सीमेपलीकडे इंग्रजी अमलातील नगर जिल्हा होता, जेथे १८३८ सालीच ग्रंथालय स्थापन झाले होते. संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. अशा परिस्थितीत मराठी पुस्तक, मराठी वृत्तपत्र आणि ते वाचण्याची खोली ह्या गोष्टी खाजगी विरंगुळ्याच्या राहिल्या नाहीत. सभा-संमेलनांवर निर्बंध असताना वाचनालय हे लोकांनी एकत्र येण्याचे एक सौम्य निमित्त होते. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे अशा लहानलहान निमित्तांची पूर्वपीठिका होती. तेथील वाचकास 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य कोणी ऐकविले असते, तर त्यातील 'तुम्ही' त्याने खचित अनेकवचनी समजून घेतला असता. वाचावयाचे होते ते एकट्या जिवाने नव्हे, एका भाषिक समाजाने.

५

वरील विवेचनावरून ग्रंथालय मनास विसावा देत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तालुक्याच्या गावी जेथे काही विकत न घेता, कोणास कारण न सांगता, जातीची किंवा घराण्याची ओळख न देता दोन तास बसता येईल अशा जागा मोजक्याच असतात. देवळात जाण्यास भाव लागतो, हॉटेलात पैसे लागतात, पारावर ओळख लागते. वाचनालयात केवळ हाती वृत्तपत्र असले म्हणजे बसण्याचा हक्क सिद्ध होतो. वैधव्य, बेकारी, कर्ज किंवा निवृत्तीनंतरचे रितेपण ह्यांनी ग्रासलेल्या मनुष्यास ही जागा फार मोलाची आहे. 'करमत नाही' हे वाक्य 'करमले' ह्या वाक्यात बदलण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. आक्षेप ह्या सामर्थ्यावर नाही. ते सामर्थ्य व्यक्तीच्या स्वभावाचा किंवा शिस्तीचा परिणाम आहे, असे मानण्यावर आहे.

कारण त्या मानण्याचे पर्यवसान व्यवहारात होते. ग्रंथालयाचा उपयोग हे स्वतःच्या निगेचे साधन ठरले, म्हणजे तो उपयोग न करणारा मनुष्य स्वतःविषयी बेफिकीर ठरतो. दार बंद होते म्हणून तो आला नाही, वेळ सोयीची नव्हती म्हणून ती आली नाही, ग्रंथपालाचे मानधन निर्वाहास पुरत नाही म्हणून संध्याकाळी दिवा लागला नाही, ही कारणे मग दृष्टिआड होतात. ज्यांना खरोखर आजार आहे, त्यांच्या बाबतीत तर पुस्तक हे वैद्याच्या जागी बसविले जाण्याचा धोका आहे. उलट, ग्रंथालय ही समाजाने आपल्या घटकांची ठेवलेली निगा आहे असे मानले, तर प्रश्नांची दिशा पालटते. मग वाचकाला 'तू का वाचीत नाहीस ?' असे विचारण्यापूर्वी ग्रंथालयाला विचारावे लागते : दार किती वेळ उघडे असते ? स्त्रियांना सोयीच्या वेळी ते उघडे असते काय ? सहा महिने गावाबाहेर असणाऱ्याचे सभासदत्व टिकते काय ? निरक्षरासाठी कोणी मोठ्याने वाचून दाखविते काय ?

ह्या प्रश्नांचा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांस करता येण्याजोगा आहे, आणि त्यास ग्रंथांची देवघेव मोजण्यापलीकडचे साधन उपलब्ध आहे. वाचक आपल्या ग्रंथालयातील बसण्याविषयी बोलताना कोणती क्रियापदे वापरतात, ती नोंदविली पाहिजेत. तो 'अभ्यास करतो' म्हणतो, की 'पेपर चाळतो', की 'टेकतो', की 'करमते' म्हणतो, ह्यात त्याच्या गरजेचे वर्गीकरण आपोआप होते. देवघेवीची नोंदवही केवळ घरी नेलेले पुस्तक मोजते. टेकावयास आलेला मनुष्य तिच्या हिशेबात नसतो, आणि अनुदानाच्या तपासणीतही नसतो. नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. १८३८ च्या ग्रंथालयाचे शहर, जे २०२४ पासून अहिल्यानगर ह्या नावाने ओळखले जाते, ते आष्टीस पूर्वीपेक्षा जवळ आले. परंतु उसाच्या फडावर जाणाऱ्या मनुष्याचा रस्ता त्या लोहमार्गाने जात नाही. त्याच्या रस्त्यावर ग्रंथालय कोठे भेटेल, हे ठरविणे हा ग्रंथालयाच्या मूल्यमापनातील पहिला प्रश्न मानावा लागेल. वाक्यातील कर्म वाचकाने स्वतः निवडावे. कर्त्याला मात्र वाक्यात जागा मिळावी, ही जबाबदारी समाजाची व शासनाची आहे.